पोच

संध्याकाळी सहानंतर पतसंस्थेच्या सर्व्हरवर गर्दी उसळते. पिग्मी गोळा करणारे प्रतिनिधी दिवसभर दुकानं-टपऱ्या फिरून परतलेले असतात आणि शेकडो नोंदी एकापाठोपाठ एक आत येऊ लागतात. चहावाल्याचे पन्नास, शिवणकामवाल्या काकूंचे शंभर, गॅरेजवाल्याचे दोनशे. माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. डेटाबेसला मात्र यातली प्रत्येक नोंद हा स्वतंत्र व्यवहार असतो आणि प्रत्येकाच्या शेवटी एक वचन द्यावं लागतं, की ही नोंद आता पुसली जाणार नाही.

सर्व्हरमधल्या जुन्या डिस्क बाजूला ठेवून सगळा डेटा नेटवर्कवरच्या साठवणीत हलवायचं ठरलं, तेव्हा व्यवस्थापकांनी तिला विचारलं, “मॅडम, आजवर ‘सेव्ह झालं’ असं आलं की ते या पेटीत असायचं. आता ते वायरीच्या पलीकडे असणार. मग ‘झालं’ हे कुणी सांगायचं?”

ती अनेक वर्षं पोस्टग्रेसक्यूएल सांभाळते आहे. आपल्या कामाला ती जोडारीकाम म्हणते. दोन यंत्रं वेगवेगळ्या हातांनी घडवलेली असतात, दोन्ही आपापल्या जागी चोख असतात. सांधा बसवणारा तिसराच असतो आणि गळती लागली तर ती सांध्यातूनच लागते. व्यवस्थापकांचा प्रश्न थेट त्या सांध्यावर बोट ठेवणारा होता.

उत्तर देताना तिने त्यांच्याच टेबलावरच्या वह्या पुढे ओढल्या. एक रोजकीर्द, एक खतावणी. व्यवहार झाला की आधी कीर्दीत उतरतो, खतावणी सवडीने होते. पोस्टग्रेसचंही तसंच आहे. प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या नोंदफायलींत ओळीने लिहिला जातो. या फायली साधारणपणे 16 एमबीच्या असतात. खात्यांची खरी पानं 8 केबीची. ती नंतर, चेकपॉइंटच्या वेळी सावकाश जागेवर जातात. म्हणून व्यवहार पक्का ठरतो तो कीर्द पक्की झाली की. ती पक्की झाल्याची खात्री करायला डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमला ‘एफसिंक’ ही आज्ञा देतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. रजिस्टर पत्राच्या पोचेसारखंच हे. पत्र पेटीत टाकलं एवढ्यावर कुणी निर्धास्त होत नाही, सहीचं कार्ड परत यावं लागतं.

साठवण मशीनच्या आतच असेल तेव्हा ही पोच दोन-तीन हातांतून येते. नेटवर्कवर गेली की हात वाढतात.

या जोडणीतले दोन्ही पक्ष एकाच दशकातले आहेत. फाइली दुसऱ्या मशीनवर ठेवून त्या आपल्याच असल्यासारख्या वापरायच्या, यासाठी सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये एनएफएस आणलं. त्यानंतर दोन वर्षांनी, 1986 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचा प्रकल्प हाती घेतला. सुरुवातीच्या एनएफएसमध्ये सर्व्हरने प्रत्येक लिखाण डिस्कवर पोचवूनच होकार द्यायचा, असा दंडक होता. खात्रीचा, पण संथ. 1995 च्या तिसऱ्या आवृत्तीने त्यावर तोड काढली. सर्व्हरने मजकूर नुसता हातात घेतला तरी चालेल, मात्र ‘कमिट’ अशी मागणी आली की सगळं पक्कं करूनच उत्तर द्यायचं. शिवाय प्रत्येक उत्तरासोबत एक खूण द्यायची. मधल्या काळात सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर ही खूण बदलते. ती बदललेली दिसली की मजकूर पाठवणारा सावध होतो आणि पक्का न झालेला सगळा मजकूर पुन्हा पाठवतो. तिला ही रचना फार आवडते. समोरच्याला मध्येच विस्मरण झालं तर ते ओळखायचं कसं, याचा इतका साधा उपाय तिने क्वचितच पाहिला आहे.

पण करार कितीही सुबक असला तरी तो पाळायचा की नाही, हे एका शब्दावर ठरतं. लिनक्सवर एनएफएसचा सर्व्हर चालवताना ‘असिंक’ हा पर्याय लावला, तर सर्व्हर मजकूर मेमरीत असतानाच पक्का झाल्याची पोच देतो. काम झपाट्याने होतं. वीज गेली की मात्र पोच हातात राहते आणि पत्र गायब. फार जुन्या आवृत्त्यांमध्ये हाच पर्याय आपोआप लागू असायचा. नंतर तो बदलून ‘सिंक’ झाला. तरीही वेगाच्या हव्यासापायी तो हाताने लावलेला तिला अजून आढळतो.

म्हणून ती कागदपत्रांवर विसंबत नाही, वीज तोडून पाहते. तिच्याकडे दहा-बारा ओळींचा एक प्रोग्राम आहे. तो डेटाबेसमध्ये क्रमाने आकडे घालतो आणि व्यवहार पक्का झाल्याचं उत्तर आलं की तोच आकडा तिसऱ्याच मशीनवर छापतो. आकडे धावत असताना ती साठवणीची वीज बंद करते. सगळं पुन्हा उभं राहिल्यावर, छापलेला शेवटचा आकडा डेटाबेसमध्ये सापडलाच पाहिजे. पतसंस्थेतल्या पहिल्या चाचणीत तो सापडला नाही. छापलेले काही शे आकडे आत नव्हतेच. आधीच्या कुणीतरी बसवणी करताना ‘असिंक’ लिहून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी व्यवस्थापक शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, “म्हणजे एवढ्या पिग्मीच्या नोंदी?” तिने मान डोलावली. त्या आकड्यांच्या जागी तिला चहावाल्याचे पन्नास रुपये दिसत होते.

दुसरा शब्द ‘हार्ड’. नेटवर्क तुटलं तर काय करायचं, हे जोडणी करताना सांगावं लागतं. ‘सॉफ्ट’ म्हटलं तर ठरावीक वेळ वाट पाहून लिखाण फसल्याचं कळवलं जातं. ‘हार्ड’ म्हटलं तर पलीकडून उत्तर येईपर्यंत प्रयत्न चालूच राहतात, मग डेटाबेस तासभर गोठला तरी हरकत नाही. पोस्टग्रेसची अधिकृत पुस्तिका एनएफएसच्या बाबतीत एकच ठाम अट घालते, ती ‘हार्ड’ची. गोठलेला पडदा पाहून लोक फोन करतात, चिडतात. तिला तो चालतो. अर्धवट लिहिलं गेलेलं खातं चालत नाही.

फसल्याचं कळवणं तरी किती भरवशाचं? 2018 च्या मार्चमध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर एक अस्वस्थ करणारी गोष्ट आली. डिस्कवर लिहिणं फसलं तर लिनक्स तसं कळवत असे, पण एकदाच. आणि मेमरीतलं ते पान ‘लिहून झालं’ असं धरून मोकळं होई. पोस्टग्रेस बिचारा पुन्हा एफसिंक मागायचा आणि या खेपेला ‘सगळं ठीक’ असं उत्तर मिळायचं. वर्षानुवर्षं जगभर वापरात असलेला समज असा मुळातच चुकला होता. उपाय कठोर निघाला. 2019 च्या फेब्रुवारीतल्या आवृत्त्यांपासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस स्वतःला बंद पाडतो आणि कीर्द वाचून सगळं नव्याने उभं करतो. नेटवर्कवरच्या साठवणीत याचं महत्त्व आणखी वाढतं, कारण तिथे जागा संपल्याची साधी तक्रारसुद्धा लिहिताना न येता कधीकधी एफसिंकच्याच वेळी येते.

बाकीच्या काही सवयी लहान आहेत, तरी ती त्या सोडत नाही. डेटा थेट जोडणीच्या मुळाशी न ठेवता आतल्या उपफोल्डरमध्ये ठेवायचा आणि मुळाची मालकी रूटकडे द्यायची. एखाद्या सकाळी जोडणी झालीच नाही, तर रिकाम्या जागेवर नवा डेटाबेस उभा राहायला नको. एकाच डेटावर दोन मशीनवरून दोन पोस्टग्रेस चालू झाले तर सगळ्याचा चिखल होतो. कुलपासारखी वापरली जाणारी ‘पोस्टमास्टर’ची फाइल शेजारच्या मशीनवर काय चाललंय ते पाहू शकत नाही. म्हणून पर्यायी सर्व्हर उठवण्याआधी पहिल्याची वीज तोडायची. स्वतः, हाताने, खात्री करून.

वेगाचा हिशेब उघड आहे. एका पोचेला एक मिलिसेकंद लागत असेल, तर एका मागोमाग एक चालणारे व्यवहार सेकंदाला हजाराच्या वर जाणार नाहीत. ‘असिंक’ काढल्यावर संध्याकाळची गर्दी जाणवण्याइतकी मंदावली. पोस्टग्रेसमध्ये पोचेची वाट न पाहण्याची सोय आहे. डेटा बिघडत नाही, फक्त शेवटच्या सेकंदभरातले व्यवहार हरवू शकतात. कोण कधी आत आलं, कोणता अहवाल उघडला, अशा नोंदींना तिने ती दिली. पैशांच्या नोंदींना दिली नाही. एकाच दुकानरांगेच्या पन्नास-पन्नास पावत्या मिळून एक व्यवहार, असा बदल प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडून करून घेतला आणि गर्दी ओसरली.

शेवटच्या चाचणीच्या रात्री वीज तोडायचं काम व्यवस्थापकांनी मागून घेतलं. तिसऱ्या मशीनवर 48,213 हा आकडा छापून थांबला होता. त्यांनी तो कीर्दीच्या मागच्या पानावर पेनने लिहिला. साठवण उठायला सहा-सात मिनिटं लागली, पोस्टग्रेसने कीर्द वाचून काढली, आणि तिने शेवटची ओळ मागितली. 48,214. एक आकडा पुढचा, म्हणजे पक्का झालेला, पण पोच मशीनपर्यंत पोचण्याआधीच वीज गेलेला. हे चालतं का, असं त्यांनी विचारलं. चालतं, ती म्हणाली, आणि का ते सांगायला तिने पुन्हा वह्या पुढे ओढल्या.