रंगाचा हात

रंगाच्या एका थरास आपल्याकडील कारागीर ‘हात’ म्हणतात. भिंतीस दोन हात, दारास तीन हात. हा शब्द आम्हांस फार यथार्थ वाटतो. कारण त्यांत रंगाबरोबर तो देणाऱ्या माणसाचाही हिशेब असतो.

या उन्हाळ्यांत पुण्यास आमच्या गच्चीवर असे हात किती दिले गेले, याची गणती आम्हीं सोडून दिली. आमच्या चिरंजीवांनीं तुणीच्या लाकडाचे दोन तुकडे सांधून विजेच्या गिटारीचें धड स्वहस्तें घडविलें होतें, व त्यावर ‘सनबर्स्ट’ चढवावयाचा होता. जूनअखेर त्यांस उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जावयाचें होतें.

सनबर्स्ट म्हणजे मधोमध मधासारखा पिवळा प्रकाश, भोंवतीं तांबूस छटा, आणि कडेला जवळजवळ काळोख. जुन्या व्हायोलिनचें रोगण मध्यभागीं झिजतें व कडांशीं दाट राहतें, त्याचें हें अनुकरण, असें म्हणतात. म्हणजे शंभर वर्षांच्या वापरानें जें यावयाचें, तें कोऱ्या वाद्यावर चार दुपारींत फवारावयाचें! आमच्या मास्तरी मनास हा प्रकार थोडा लबाडीचा वाटला.

पण या लबाडीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें आपल्या लेस पॉल गिटारीस सोनेरी रंगाऐवजीं तांबूस सनबर्स्ट दिला. तो तांबडा कच्चा निघाला. उजेडांत राहून कोठें तो मधाचा झाला, कोठें चहाचा, कोठें पार उडून लिंबाच्या सालीसारखा पिवळा उरला. कंपनीनें पुढें टिकाऊ तांबडा वापरला. परंतु आज शौकीन लाखो डॉलर मोजतात ते त्या विटलेल्या वाद्यांसाठीं.

‘लॅकर’ हा शब्द तर मूळ आपल्याच घरचा. संस्कृत ‘लाक्षा’, आपली लाख, पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपांत गेली आणि लॅकर होऊन परत आली. येतांना मात्र तिच्यांत लाख उरली नाहीं. गिटारीवर फवारतात तें थिनरमध्यें विरघळविलेलें नायट्रोसेल्युलोज. थिनर उडून गेला कीं पातळ पापुद्रा उरतो. पुढचा हात मागच्यास किंचित् विरघळवून त्याशीं एकजीव होतो, म्हणून दहा हात दिले तरी थर एकच.

खरें कसब कडेच्या रंगांत. फवाऱ्याची तोटी मध्याकडून बाहेर कलती धरावयाची, म्हणजे उडणारे कण मधल्या पिवळ्यावर पडत नाहींत. हात रेंगाळला कीं डाग, घाई केली कीं पट्टा. पिवळें कोठें संपलें आणि तांबडें कोठें सुरू झालें, हें पाहणाऱ्यास सांगतां येऊं नये. मधोमध दोन तुकड्यांचा सांधा स्पष्ट दिसत होता. “सगळेंच काळें केलेंस तर हा झांकेल,” आम्हीं सुचविलें.

“दिसूं दे, बाबा. तो मीं जुळवलाय.”

यावर आम्ही काय बोलणार?

कडेचा शेवटचा हात चालू असतांच पावसाची पहिली सर आली. थिनर झपाट्यानें उडतांना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेंतील पाणी त्यावर धरतें आणि रंग दुधाळतो. तसाच तो दुधाळला. चिरंजीव तोटी खालीं ठेवून बराच वेळ नुसते बसून राहिले. निघावयास तेरा दिवस उरले होते. तिसऱ्या दिवशीं ऊन पडलें. सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा त्यांनीं वरून मारला. थर पुन्हां मऊ झाला, अडकलेली ओल निघून गेली, आणि दुधाखालून तो पिवळा हळूहळू वर आला. आमच्या कुटुंबानें, वास्तविक या साऱ्या उपद्व्यापाविरुद्ध असतांनाही, त्या दिवशीं शिरा केला.

नंतरचे पारदर्शक हात झाले, पण लॅकर आंतून कडक होण्यास आठवडे लागतात, आणि विमान थांबत नसतें. धड आतां मागल्या खोलींत टांगलेलें आहे. थिनरचा वास पूर्ण गेला म्हणजे तें घोटून चकाकी आणावयाची व तिकडे पाठवावयाचें, हें काम आमच्याकडे आहे. दर रविवारीं फोनवर पहिला प्रश्न येतो, “बाबा, वास येतो का अजून?”

आम्ही आंत जाऊन, धडाजवळ नाक नेऊन परत येतों आणि “थोडा येतो” म्हणून सांगतों. कुटुंबाच्या नाकास तो गेल्या पंधरवड्यापासून येत नाहीं.