हात वर न करता दिलेलं उत्तर

निवासी डॉक्टरांना शिकवताना "समजलं का?" असं विचारलं की सगळ्या माना डोलतात. हात वर करायला सांगितलं तर ज्युनिअर आधी सिनिअरकडे बघतात. म्हणून मी मोबाईलवर मतदान घेतो. पडद्यावर प्रश्न, चार पर्याय आणि उत्तर निनावी.

एक प्रश्न मी दरवर्षी विचारतो. आजार हजारात एकाला आहे. तपासणीत खरा रुग्ण सुटत नाही, पण निरोगी लोकांपैकी ५ टक्के चुकून पॉझिटिव्ह येतात. लक्षणं माहीत नसलेल्या एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती?

१९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हार्वर्डमधल्या ६० डॉक्टर-विद्यार्थ्यांना जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. बरोबर उत्तर दिलं फक्त ११ जणांनी. सर्वाधिक पसंती होती ९५ टक्क्यांना!

आमच्याकडेही मतं विखुरतात. मी लगेच उत्तर सांगत नाही. शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घाला, मग पुन्हा मत द्या, असं सांगतो. एरवी गप्प बसणारेही तेव्हा बोलतात, हिशोब मांडतात: हजारात खरा रुग्ण एक, चुकून पॉझिटिव्ह सुमारे ५०. म्हणजे शक्यता जेमतेम २ टक्के.

हे तुमच्याही कामाचं आहे. काहीही त्रास नसताना केलेल्या 'फुल बॉडी चेकअप'मध्ये काही पॉझिटिव्ह आलं तर घाबरू नका, रिपोर्ट बाजूलाही टाकू नका. डॉक्टरांना विचारा, "माझं वय आणि लक्षणं पाहता हा आजार असण्याची शक्यता मुळात किती होती? खात्रीसाठी पुढे काय करायचं?"