भाकर मागणारे आम्ही

प्रभूच्या प्रार्थनेसाठी मराठीने शब्द निवडला तो ‘भाकर’. पोळी नव्हे, पावही नव्हे. ख्रिस्तप्रसादाची भाकर मात्र केवळ गव्हाचीच असावी, असे १९८३ च्या कॅनन लॉचे ९२४ वे कलम सांगते, आणि ती शिस्त आम्ही आदराने पाळतो. परंतु वेदीवर गहू म्हणून घरातील बाजरी हलकी ठरत नाही. पाच हजारांना प्रभूने तृप्त केले ते जवाच्या, म्हणजे गरिबाच्याच भाकरींनी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यांत घरभेटींना गेलो, की आमच्या ताटात हटकून चपाती येते. बाजरीच्या भाकऱ्या आत टोपल्यात, फडक्याखाली! मागितल्या, तर घरच्या बाई संकोचून विचारतात, “फादर, तुम्हांला चालेल?” हा संकोच आम्हांला बोचतो. पण १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी ज्यांनी गिळल्या, त्यांना गव्हाची चपाती हेच सुदिनाचे लक्षण वाटले, तर दोष कोणी द्यावा? पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. आता शहरातील दुकानांत बाजरी-नाचणीची बिस्किटे आरोग्याच्या नावाने मिरवतात, आणि खेड्यात ती टोपली झाकलेलीच राहते.

वास्तविक चपातीपेक्षा भाकरीला कसब अधिक लागते. बाजरीचे पीठ ताजेच हवे. त्यातील स्निग्धांशामुळे ते थोड्याच दिवसांत कडवट होते. गव्हाचा चिवटपणा त्यात नाही, म्हणून तळहाताने रगडून मळावे लागते. पीठ जुने असेल, तर कढत पाण्याची उकड घ्यावी लागते. कड चिरू न देता थापायचे, तव्यावर पडताच वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकण्यापूर्वी उलटायचे आणि अखेर निखाऱ्यावर फुगवायचे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवले गेले. यातले काहीच नाही.

हल्ली घरभेटीचा निरोप धाडतानाच आम्ही कळवतो, की जे घरात रोज शिजते तेच वाढावे. मध्यंतरी एका आजींनी ते मानले. गरम भाकरी, लसणाचा ठेचा, वर लोण्याचा गोळा. आम्ही पहिला घास घेतला, आणि त्यांनी हळूच दोन चपात्या ताटाशेजारी आणून ठेवल्या.