दप्तराबाहेरची मंडळी

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या जुन्या ख्रिस्ती मंडळीचे दप्तर उघडावे. बाप्तिस्मे, विवाह आणि दफनविधी तारीखवार नोंदलेले आढळतात, अर्पणांचा जमाखर्च पैशापैशाने जुळतो, पंचांच्या सभेचे ठराव सुवाच्य अक्षरात उतरलेले असतात. परंतु अंतःकरणाच्या ज्या ऊर्मीवर ही सारी व्यवस्था उभी राहिली, तिच्यासाठी त्यात रकाना नसतो.

उत्कट श्रद्धा म्हटली की मोठे प्रसंगच प्रथम आठवतात. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेची जी लाट उसळली, तिची आठवण आजही भक्तिभावाने निघते, आणि ती निघावीही. परंतु दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो निराधार मुलींना नित्य जेवू घालणे, त्यांना अक्षरओळख आणि हातास कसब देणे, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर स्वतः करून ते त्याच स्त्रियांच्या हातांनी छापवून घेणे, हे रमाबाईंचे वर्षानुवर्षांचे कष्ट मला त्या लाटेइतकेच प्रार्थनामय वाटतात.

नारायण वामन टिळकांचेही तेच. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरास आले, तेव्हा मंडळीत विलायती चालींवर बसवलेली गीते गायली जात. शब्द मराठी, पण श्वास परका. टिळकांनी मंडळीला अभंग दिला, ओवी दिली, टाळमृदंगासह कीर्तन दिले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणाऱ्या या कवीने तो सेतू मागे मोडून टाकला नाही, म्हणूनच अक्षरशत्रू शेतकऱ्यालाही आपल्या प्रभूशी आपल्या गळ्याने बोलता आले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. पतीच्या धर्मांतराने ज्यांच्या संसाराची वाताहत झाली होती, त्याच लक्ष्मीबाईंनी. याहून उत्कट साक्ष मला ठाऊक नाही.

आणि अशी साक्ष गावोगावी अजून मिळते. सुगीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, दुधी भोपळे, गावरान अंडी, पाय बांधलेली कोंबडी असा संभार मांडला जातो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा पदराच्या गाठीत पसाभर बाजरी आणते. ती गाठ सोडताना तिची वाकडी झालेली बोटे बराच वेळ घेतात, पण ती कोणाला हात लावू देत नाही. तिची बाजरी कोणी बोली लावून घेतो आणि पुन्हा वेदीवर ठेवतो, पुन्हा बोली लागते, पसा तोच राहतो आणि अर्पण वाढत जाते. खजिनदार शेवटची रक्कम वहीत मांडतात. मात्र ही बाई दर रविवारी मागच्या सतरंजीवर बसून कोण आले नाही हे ध्यानात ठेवते आणि सोमवारी दिवस कलताना काठी टेकीत त्याच्या दारी जाते, “काल दिसला न्हाईस, बाबा, बरा हाईस ना?” एवढे विचारून येते, याची नोंद कोणत्या वहीत करायची?

मला खंत वाटते ती येथेच. आजाऱ्यांची नावे घेऊन आपण वेदीवरून प्रार्थना करतो, सद्गदित होतो, ‘आमेन’ म्हणतो, आणि त्यांपैकी एकाच्याही उंबरठ्यावर न जाता आठवडा घालवतो. घरभेट हे पाळकसाहेबांचे काम, असा शिरस्ता आपण आपल्या सोयीसाठी मुक्रर करून टाकला आहे. शुभवर्तमानात असा कोणताही हुकूम नाही. तेथे आजाऱ्याच्या भेटीस जाणे हे प्रत्यक्ष प्रभूच्याच भेटीस जाणे मानले आहे.

तेव्हा, बंधुभगिनींनो, येत्या रविवारी आशीर्वचन झाल्यावर लगबगीने चपला शोधू नका. क्षणभर थांबा, कोणाची जागा रिकामी होती ते आठवा, आणि संध्याकाळच्या आत त्या घरी जाऊन या.