पडून राहिलेला पैलवान

पेठच्या मुरलीकांत पेटकरांवर हिंदी सिनेमा येतोय म्हटल्यावर वाळवा तालुक्यात काय वातावरण झालं असेल, ते पुण्या-मुंबईत बसून नाही कळायचं. जून 2024 मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ लागला आणि पहिल्याच आठवड्यात मी मामांना घेऊन गेलो. मामा जुने तालमीतले, दोन्ही कान मोडलेले. इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखे निघाले होते.

सुरुवात झकास झाली. 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव, त्यांची मिरवणूक आणि ती डोळे फाडून बघणारं पोर. मामा खुर्चीत पुढं सरकले. मग सिनेमा जो धावत सुटला! गाव सुटलं, आगगाडीत गाणं झालं, फौज, बॉक्सिंग, टोकियो, 1965 ची लढाई, गोळ्या. आपल्याला रडू यायच्या आधीच पार्श्वसंगीत रडायला लागायचं. मामा हळूहळू मागं टेकले.

याच दिग्दर्शकाच्या, कबीर खान यांच्या ‘83’ मध्येही गलका काही कमी नव्हता. पण तिथं कपिलचा विश्वचषक लोकांना तोंडपाठ होता, त्यामुळं अर्धं काम प्रेक्षकांच्या आठवणीनंच केलं. पेटकर कितीजणांना ठाऊक होते? इथं सगळं काम सिनेमालाच करायचं होतं.

पेटकर साकारणाऱ्या कार्तिक आर्यननं मेहनत घेतली, यात वाद नाही. अंगातली चरबी 39 टक्क्यांवरून 7 वर आणल्याचं प्रदर्शनाआधीच आम्हाला पाठ झालं होतं. माझं दुखणं तेच आहे. कमावलेल्या शरीराची गोष्ट आधीच कळली, गमावलेल्या शरीराची कळायची राहिली. बॉक्सरचा निम्मा जीव पायांत असतो. असा माणूस गोळ्यांनी पाय लुळे पडल्यावर मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरतो, आणि ज्या पायांवर रिंगमध्ये नाचला, तेच पाय आता त्याला हातांनी ओढून न्यायचे असतात. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यानं 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत जिंकली, तो जागतिक विक्रम ठरला. शर्यत एवढीशीच. तिच्यामागची सात वर्षं पडद्यावर गाण्या-टाळ्यांत उरकली.

बाहेर चहा पिताना मामा इतकंच म्हणाले, “पडल्याला पैलवान दावला रं. पडून ऱ्हायल्याला न्हाई दावला.”

सिनेमात म्हातारे पेटकर अर्जुन पुरस्कारापायी थेट पोलीस ठाण्यात जातात. खऱ्या पेटकरांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. अर्जुन पुरस्कार मात्र हाती पडला तो जानेवारी 2025 मध्ये, सिनेमा थिएटरातून कधीच उतरल्यावर. त्या बातमीचं कात्रण मामांनी तालमीत मारुतीच्या फोटोशेजारी चिकटवलंय.