छत्तीस फुटांचें बिऱ्हाड

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत नोकरीस असतात. २०२४ च्या सप्टेंबरांत त्यांच्याकडे मुक्कामास असतां त्यांनीं आम्हां उभयतांस योसेमिटीची दरी दाखविण्याचा बेत केला व त्याकरितां एक मोटारघर भाड्यानें घेतलें. तिकडे यास ‘आर्. व्ही.’ म्हणतात. शेगडी, शीतकपाट, खाटा, स्नानगृह, शौचकूप, सारा संसार चाकांवर! परान्नाचा व परक्या अंथरुणाचा प्रश्न परस्पर मिटला म्हणून आमच्या सौभाग्यवतींस तें फार पसंत पडलें. मला मात्र बैलगाडींत भांडींकुंडीं घालून यात्रेस निघणाऱ्या आमच्या आजीची आठवण झाली. भेद इतकाच कीं बैलगाडी कोणत्याही आंब्याखालीं सोडतां येत असे. हें बिऱ्हाड सोडावयास जागा मिळविणें ही एक स्वतंत्र विद्याच आहे.

दरींत मोटारघरांस घेणारे तीन तळ आहेत. त्यांपैकीं अपर पाइन्स येथें ३५ फुटांपर्यंतच्या गाडीस प्रवेश. लोअर पाइन्स व नॉर्थ पाइन्स येथें मर्यादा ४० फुटांची, परंतु एवढ्या लांबीच्या जागा अवघ्या डझनभर. पांच महिने आधीं, महिन्याच्या पंधरा तारखेस सकाळीं सात वाजतां नोंदणी उघडते आणि पाहतां पाहतां संपते. चिरंजीवांस अपर पाइन्समधील एक जागा मिळाली तेव्हां परीक्षेंत पहिला नंबर आल्याचा आनंद त्यांच्या मुखावर होता. भाड्याच्या मोटारघराच्या नांवांत ३४ हा आंकडा होता. तीच त्याची लांबी असें ते समजले.

सायंकाळीं पांचच्या सुमारास आम्ही तळावर पोहोंचलों. चिरंजीव गाडी मागें घेऊं लागले, सूनबाई खालीं उतरून हात हालवूं लागल्या. तथापि मागचा भाग देवदारास टेकला तरी पुढचा भाग रस्त्यांत उभाच! तळावरील एक बाई मापनफीत घेऊन आल्या. मागची शिडी व पुढचा दांडा धरून लांबी भरली छत्तीस फूट. अर्धी मात्रा वांचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा हर्ष होतो असें म्हणतात. येथें एक फूट जास्त भरल्यानें आमचा हर्ष मावळला.

‘एवढ्या श्रीमंत देशानें दोन झाडें तोडून जागा रुंद करूं नये काय?’ असें मीं त्राग्यानें म्हणालों. पुढें वाचनांत आलें तें येथें सांगितलें पाहिजे. १९२० नंतरच्या दशकांत लोक आपल्या मोटारी रानांत वाटेल तेथें नेत. त्यायोगें माती दडपून मुळें गुदमरत व वृक्ष वाळत. एमिलियो माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञानें हें हेरून १९३२ त तळांची नवी आंखणी सुचविली: एकेरी वळसा घेणारा रस्ता, त्यास प्रत्येक मोटारीपुरता एक फांटा, आणि चाक बाहेर जाऊं नये म्हणून कडेस धोंडे. अमेरिकेंतील कित्येक सरकारी तळ याच धर्तीवर झाले. ते फांटे त्या काळच्या मोटारीच्या मापाचे. मग आमच्या छत्तीस फुटांसाठीं कुऱ्हाड कोणाच्या मुळांवर चालावी? माझा त्रागा ओसरला. मात्र गाडी भाड्यानें देणाऱ्यानें तिची खरी लांबी मोजून सांगावी, हें माझें म्हणणें अद्याप कायम आहे.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. सौभाग्यवतींस रात्रीं श्वासासाठीं विजेचें यंत्र लावावें लागतें. या तळांवर जागेपाशीं वीज, पाणी किंवा सांडपाण्याची जोडणी नाहीं, आणि गाडीचें जनित्र चालविण्याची मुभा ठराविक वेळींच. रात्रीं मुळींच नाहीं. गाडीच्या विद्युत्‌घटांवर रात्र निघेल असें चिरंजीव म्हणत होते. पण घट निम्मे उतरले होते. म्हणजे जागेंत मावलों असतों तरी मध्यरात्रीं आमची काय अवस्था झाली असती, याची कल्पनाही नको वाटते.

सूनबाईंनीं खासगी तळांस दूरध्वनि करावयास आरंभ केला. पहिला भरलेला. दुसऱ्यानें साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे प्रश्न विचारले: शिडीसकट लांबी किती? भिंत बाजूस सरकते काय? वीज तीस अँपिअर कीं पन्नास? गाडी मागें न घेतां एका बाजूनें आंत शिरून दुसऱ्या बाजूनें बाहेर पडण्याची जागा हवी काय? मला हे प्रश्न ऐकूनच धीर आला. विचारणारा जाणता होता.

मर्सेड नदीच्या काठाकाठानें, अंधारांत, तें धूड मारिपोसाच्या बाजूस उतरवितांना चिरंजीव एक शब्द बोलले नाहींत. साडेनऊ वाजतां विजेची दोरी खांबास जोडली. यंत्राचा मंद घरघराट सुरू झाला. “दरी उद्यां पाहूं,” सौभाग्यवती म्हणाल्या व निजल्या.

दुसऱ्या दिवशीं मोटारघर तळावरच ठेवून आम्ही सार्वजनिक बसनें दरींत गेलों. एल् कॅपिटनचा तो सुमारें तीन हजार फुटांचा कडा मान मोडेपर्यंत पाहिला. परततांना चिरंजीवांनीं वाटेंतील दुकानांतून एक मापनफीत घेतली, नातवास तिचें एक टोंक धरावयास लावून गाडी स्वतः मोजली, आणि लांबी, रुंदी व उंची कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटविली.