नाताळात वस्तीवर असतं कोण?

प्रिय आनंद,



तुझं पत्र पोचलं. पंचांच्या सभेत यंदाच्या सेवाकार्याचं ठरायचं आहे, त्याआधी आत्याचं मत हवं असं लिहिलंस, बरं वाटलं. हे पत्र तू मंडळीत वाचून दाखवलंस तरी चालेल. माझं म्हणणं सगळ्यांसाठीच आहे.

तुझ्या यादीत नाताळचं ब्लँकेटवाटप आहे, विधवांना साड्या आहेत, एका दिवसाचं आरोग्य शिबिर आहे आणि कपिलधारच्या यात्रेत वाटायची पत्रकं आहेत. मनापासून केलेली यादी आहे. पण मांजरसुंब्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर डिसेंबरात असतं कोण? मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे ट्रकमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली लेकरं. नाताळच्या उपासनेत आपल्याच मंडळीतल्या कितीतरी जागा रिकाम्या दिसतात. आपण इथे ब्लँकेटं वाटतो तेव्हा ज्यांना थंडी सगळ्यात जास्त बोचते, ती माणसं फडाशेजारच्या कोपीतून पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात.

आपलं सेवेचं वर्ष मिशनच्या काळापासून सणाला बांधलेलं आहे. ते या माणसांच्या वर्षाला बांधलं पाहिजे. आणि काय करायचं हे पंचांनी टेबलाभोवती बसून ठरवण्याआधी त्यांना विचारलं पाहिजे. येरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही मी तुझ्यासाठी काय करावं, हे प्रभूने त्याला आधी विचारलं.

आपल्या मांजरसुंब्याच्या फाट्यावरून पाटोद्याचा रस्ता धरलास की पुढे जामखेड लागतं. तिथे जे घडलं ते आपल्या तरुणांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करत होतं. बरे करून पाठवलेले रोगी तेच आजार घेऊन परत येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्याच सुमारास जगभरच्या ख्रिस्ती दवाखान्यांपुढेही हाच प्रश्न होता, आणि १९६८ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसने त्यासाठी वेगळा वैद्यकीय आयोग नेमला. आरोळ्यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. लवकरच मोठा दुष्काळ पडला. लोक औषधाआधी पाणी आणि अन्न मागत होते, म्हणून डॉक्टर बोअर घ्यायच्या मागे लागले. हातपंप शक्यतो दलित वस्तीत बसवले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागेल. जातीवर शंभर प्रवचनं दिली असती तरी इतकं साधलं नसतं, असं मला वाटतं.

पुढची गोष्ट मला, जन्मभर नर्सिंग केलेल्या बाईला, त्याहून मोठी वाटते. आधी शिकलेल्या नर्सना गावात पाठवून पाहिलं, ते जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळंतपण, लेकरांचा आहार, जुलाबावरचं पाणी, सगळं त्या शिकल्या आणि घरोघर घेऊन गेल्या. त्यांच्या गावांतले बालमृत्यू झपाट्याने घटले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी आल्मा-आता इथे साऱ्या जगाने प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली, तिच्यामागे जामखेडसारख्या कामांचा अनुभव होता. गावच्या बाईच्या हातात विद्या देता येते, हे आपल्या शेजारच्या तालुक्यानं जगाला दाखवलं.

आता तुझं एका दिवसाचं शिबिर. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय, हे ती बाई मांडवात रांगेत उभी राहून अनोळखी डॉक्टरला सांगेल का? फडावर खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून ती दुखणं अंगावर काढते, आणि मग कुणीतरी तिला पिशवी काढून टाकायला सांगतं. तिला तिच्याच वस्तीतली कुणीतरी हवी, जी म्हणेल, थांब, आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारू, मी येते बरोबर. आपल्या महिला मंडळातल्या चार-पाच जणी हे शिकू शकतात. शिकवायला मी येईन. गुडघे दुखतात, पण एसटीत बसता येतं.

म्हणून माझं मागणं असं की शिबिर दसऱ्याच्या आधी घ्यावं, टोळ्या निघण्यापूर्वी. ज्या लेकरांना मागे ठेवणार आहेत त्यांच्या हंगामी वसतिगृहाची चौकशी आणि कागदपत्रं त्याच वेळी करून द्यावीत. नाताळचे पैसे म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या महिनोन्महिन्यांच्या जेवणाकडे वळवावेत. माणसं परतली की, म्हणजे ईस्टरच्या सुमारास, वस्तीवर बसून त्यांच्याकडून हिशेब ऐकावा. मंडळीतली आणि मंडळीबाहेरची असा फरक त्या बैठकीत नको.

तुमच्यातले काही पंच म्हणतील, मग सुवार्तेचं काय? त्यांचा प्रश्न मी हलका मानत नाही. मलाही वाटतं की प्रभूचं नाव लोकांना कळावं. पण दुष्काळातल्या मिशनच्या धान्यापासून आजवर आपल्या मदतीकडे संशयाने पाहिलं जातं, आणि तो संशय सोसावा लागतो तो वस्तीतल्या सगळ्यात गरीब ख्रिस्ती घराला. कपिलधारच्या वाटेवर यात्रेकरूंना पाणी द्यायचं तर नुसतं पाणीच द्यावं. सोबत पत्रक आलं की ते पाणी सौद्याचं होतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्यात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यांना विरोध झाला. तुलाही होईल. घाबरू नकोस, आणि विरोध करणाऱ्यांशी वाकडंही बोलू नकोस. ब्लँकेटांसाठी वर्षानुवर्षं स्वतःच्या पगारातून पैसे टाकणारी ती माणसं आहेत.

सभेला एक तरी ऊसतोड जोडपं बोलव. त्यांना खुर्ची दे, आणि पंचांच्या आधी बोलू दे. ते काय म्हणाले ते मला सविस्तर लिही. शिकवणीला कोण कोण तयार आहे त्यांची नावं त्यातच कळव, म्हणजे श्रावणात यायचं की भाद्रपदात, ते मला ठरवता येईल. वहिनीला सलाम, लेकरांना गोड पापा.

तुझी,
आत्या